भरतीच्या रिंगणात रानडुक्कर का हरलं: ‘तिवराची खाडी’ या रिंगण-कार्डाचं प्रकरण

प्राण्यांच्या झुंजीच्या आमच्या कार्ड-खेळातला हा एक सामना; रिंगण-कार्ड म्हणजे झुंजीच्या जागेचे नियम लिहिलेलं कार्ड. सामना तीन विरुद्ध तीन, मैदानात एका वेळी एकेकच प्राणी. रिंगण ‘तिवराची खाडी’, मालवण तालुक्यातल्या कालावल खाडीच्या काठावर बेतलेलं. एका बाजूला कुर्ली, उद (पाणमांजर) आणि निवटी (चिखलातला मासा); दुसऱ्या बाजूला रानडुक्कर, साळिंदर आणि माडगरुड. पहिली झुंज रानडुक्कर आणि कुर्ली यांची. प्रत्येक प्राण्याला रान, पाणी असा गुण असतो; गुणांच्या तक्त्यात रान पाण्यावर भारी आहे आणि कोरड्यावर हे रानडुक्कर सरासरीने तिसऱ्या फेरीत कुर्ली उलथवतं. खाडीत तिसऱ्या फेरीला रानडुक्करच बाद झालं. त्यानंतर साळिंदर बांधावर चढून बसलं, कुर्ली पाण्यात थांबली, तीन फेऱ्या कोणी कोणावर वार केला नाही आणि निकाल पंचाने उरलेल्या दमांच्या, म्हणजे प्राण्यांच्या शिल्लक ताकदीच्या, बेरजेवर दिला: ९१ विरुद्ध ८२, खाडीची बाजू विजयी.

पंचाने प्रत्येक पायरीला कार्डावरचं अक्षर पाळलं होतं. म्हणून हे प्रकरण पंचाचं नाही, कार्डाचं आहे, आणि कार्ड कुठे चुकलं ते आकड्यांनी दाखवता येतं.

खेळाचा सांगाडा

प्रत्येक प्राण्याच्या कार्डावर दम, कवच, पावलं, उंची, वजन, गुण आणि दोन-तीन वार लिहिलेले असतात. दर फेरीला दोन्ही खेळाडू दोन-दोन आज्ञा लिहून देतात. एका आज्ञेत चाल आणि वार दोन्ही बसतात, आणि ‘जर कुर्ली पाण्यात गेली तर बांधाकडे सरक, नाहीतर धडक’ अशी जर-तरची आज्ञाही चालते. वार लागतो की चुकतो हे लुडोचे दोन फासे ठरवतात. बेरीज ६ किंवा जास्त आली की लागला. ३६ पैकी २६ जोड्या सोयीच्या, म्हणजे शंभरातले बहात्तर वार लागतात. नेमात २ ची घट आली की ८ लागतात आणि शक्यता ३६ पैकी १५ वर येते. २ ची वाढ मिळाली की ४ पुरतात, शक्यता ३६ पैकी ३३.

मार काढायची रीत अशी: वाराचा आकडा गुणिले गुणाचा हिशोब (भारी असेल तर १.५, हलका असेल तर ०.७५), अपूर्णांक सोडायचा, उरल्यातून समोरच्याचं कवच वजा करायचं.

या झुंजीतले आकडे: रानडुक्कर दम ५०, कवच ३, उंची ४ पायऱ्या, धडकेचा मार १२, सुळ्यांचा मार ८. कुर्ली दम ४५, कवच ५, उंची १ पायरी, डेंग्यांचा मार १२.

हे सामने बरेचदा अंतरावरून चालतात. एक खेळाडू गावात, दुसरा मुंबईत चाकरमानी, पंच तिसरीकडेच. आज्ञा फोनवर संदेशाने येतात, आणि आधी आज्ञा देण्याची पाळी दर फेरीला बदलते, कारण मागून देणाऱ्याला समोरच्याची आज्ञा दिसते. पाण्याच्या नियमाशी या पाळीचा संबंध आहे, तो पुढे येतोच.

जुनं कार्ड काय म्हणत होतं

रिंगण १२ बाय ८ घरांचं. एका कडेला खाडीचा प्रवाह, मग चिखलपट्टा, मग तिवरांची पट्टी, मग खारबांध (खारं पाणी अडवणारा मातीचा बांध) आणि बांधामागे खाजण (सखल खारजमीन). उंची ‘पायरी’त मोजलेली, एक पायरी २० सेंटिमीटरची. चिखल ३ पायऱ्यांवर, तिवरं ८ वर, बांधाचा माथा १४ वर. इथवर कार्ड चांगलं आहे. चिखल खाली आणि तिवरं वर ही रचना खाडीत दिसते तशीच आहे.

बिघाड पाण्याच्या परिच्छेदात होता. पहिल्या फेरीला पातळी ०, मग दर फेरीला ४ पायऱ्यांनी वाढ, १२ वर पोचली की तिथेच कायम. ज्या पट्ट्याला पाणी पोचलं तो अख्खा ‘बुडीत’. बुडीत घरात पाणी-गुण नसलेल्या प्राण्याला नेमात २ ची घट, दोनऐवजी एकच आज्ञा आणि दर फेरीला दमातून ४ वजा. पाणी-गुणाच्या प्राण्याला नेमात २ ची वाढ आणि मार दीडपट. पाण्याबाहेर त्याला नेमात २ ची घट. हवेतल्या प्राण्यावर पाण्याचा परिणाम नाही, मात्र त्याने पाण्यातल्या प्राण्यावर वार करायचा नाही.

वाचताना यातलं एकही वाक्य खटकत नाही. प्रत्येक वाक्य वेगळं घेतलं तर समंजसच आहे.

फेरीनिहाय नोंद

पहिली फेरी, पातळी ०. रानडुकराच्या दोन धडका: फासे ७ आणि ४, एक लागली. रान पाण्यावर भारी, म्हणून १२ चे १८, वजा ५, मार १३. कुर्ली ४५ वरून ३२. कुर्लीचे दोन वार: ९ आणि ५, एक लागला. हलका वार, १२ चे ९, वजा ३, मार ६. रानडुक्कर ४४.

दुसरी फेरी, पातळी ४, चिखलपट्टा बुडीत. आधी आज्ञा देण्याची पाळी रानडुकराच्या खेळाडूची होती आणि पातळी त्याच्या आज्ञेनंतर जाहीर झाली. त्याच्या दोन आज्ञांमधली दुसरी रद्द झाली. उरलेल्या धडकेला फासे ९, लागली, कुर्ली १९. कुर्लीचे फासे ६ आणि ५. आता ४ पुरतात, म्हणून दोन्ही लागले. १२ चे ९, त्याचे दीडपट साडेतेरा म्हणजे १३, वजा ३, प्रत्येकी १०. वर गळतीचे, म्हणजे बुडीत घरात दर फेरीला दमातून जाणारे, ४. रानडुक्कर २०.

तिसरी फेरी, पातळी ८. रानडुक्कर तिवरांच्या पट्टीत चढलं आणि वळून पाठलागावर आलेल्या कुर्लीला सुळे मारले. फासे ७. कोरड्यावर हा वार लागला असता. इथे वाद झाला: पट्टी ८ वर, पाणीही ८ वर, मग ती बुडीत धरायची की नुसती ओली? कार्डात ‘पाणी पोचलं की’ एवढंच लिहिलेलं. पंचाने बुडीत धरली, वार चुकला. कुर्लीचे ८ आणि ४ दोन्ही लागले. रानडुक्कर बाद.

साळिंदर उतरलं ते थेट बांधावर. चौथ्या फेरीपासून पातळी १२, बांध १४, पाणी ओसरणार नाही. साळिंदर खाली उतरलं तर त्याचीही रानडुकराचीच गत. माडगरुड आणावं तर त्याला पाण्यातल्या कुर्लीवर वार करायला बंदी. कुर्लीने वर यावं तर तिचा नेम घटतो, आणि साळिंदराला भिडणाऱ्याचा दम दर स्पर्शाला ३ ने कमी होतो. (काटे फेकून मारणारं साळिंदर ही समजूतच आहे, काटे भिडणाऱ्याला टोचतात, बाणासारखे सुटत नाहीत. कार्ड करणाऱ्याने ते बरोबर धरलं होतं.) त्यात तीन फेऱ्या वार झाला नाही तर उरलेल्या दमांची बेरीज करायची हा नियम. कुर्ली १९, उद ४२, निवटी ३० मिळून ९१. साळिंदर ४६, माडगरुड ३६ मिळून ८२. खाडीच्या खेळाडूला काही न करताच सामना मिळत होता. त्याने काही केलं नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

एकाच पाण्याची पाच वेळा वसुली

सरासरी काढू. कोरड्यावर रानडुकराची एक धडक १३ गुणिले ३६ पैकी २६, म्हणजे सुमारे ९.४, दोन आज्ञांचे १८.८. कुर्लीचे ४.३ प्रमाणे दोन वारांचे ८.७. या गतीने कुर्ली तिसऱ्या फेरीत जाते, रानडुक्कर सहाव्यापर्यंत टिकतं. गुणांच्या तक्त्याने जे वचन दिलं तेच घडतं.

बुडीत घरात रानडुकराचा फेरीचा मार ५.४. कुर्लीचा १८.३, गळतीसह २२.३. दुपटीने पुढे असलेला प्राणी चौपटीने मागे पडला. प्राणी तेच, वार तेच. मध्ये फक्त २० सेंटिमीटर पाणी आलं.

आता पाचही परिणाम सुटे करून पाहू. नुसती एक आज्ञा काढून घेतली तर रानडुक्कर ९.४, कुर्ली ८.७. नुसता नेमाचा फरक, म्हणजे एकाला घट आणि दुसऱ्याला वाढ, ठेवला तर १०.८ विरुद्ध ११. नुसता दीडपट मार दिला तर १८.८ विरुद्ध १४.४. नुसती गळती लावली तर १८.८ विरुद्ध १२.७. यातला कुठलाही एक परिणाम निकाल उलटवत नाही. पहिले दोन झुंज बरोबरीला आणतात, आणि रिंगणाकडून एवढंच हवं असतं. उलथापालथ होते ती सगळे एकत्र आल्यावर, कारण वजाबाकी आणि गुणाकार एकमेकांवर चढतात. कुर्लीचा मूळ मार कवच वजा जाता ६ होता. दीडपट हा कवचाच्या आधी लागत असल्याने ६ चा ९ झाला नाही, थेट १० झाला. वर नेम वाढला, म्हणजे तो १० जास्त वेळा बसला.

रिंगण लिहिणाऱ्यांची ही नेहमीची सवय आहे: पाणी आहे तर नेमावर परिणाम हवा, वेगावर हवा, मारावर हवा, दमावर हवा. प्रत्येक परिणाम वास्तवाला धरून वाटतो. पण परिस्थिती एक असेल तर तिची वसुली एकदाच करावी, आणि शक्यतो मारात करू नये. प्राण्यांच्या कार्डांवरचे आकडे एकमेकांशी तोलून बसवलेले असतात. रिंगणाने मारावर हात ठेवला की तो तोल सगळ्या जोड्यांमध्ये एकदम ढळतो. रिंगणाच्या हातात जागा असते. कोण कुठे उभं राहू शकतं, कुठून कुठे जाऊ शकतं, कोणाला कोण दिसतं, एवढं बदललं की पुरतं. मार बदलला की खेळाडू फक्त वाट बघतो. जागा बदलली की त्याला विचार करावा लागतो.

मोठ्या खेळांत हे घडून गेलं आहे. पोकेमॉनमध्ये पावसात पाण्याचे हल्ले दीडपट होतात आणि आगीचे निम्मे. २०१० च्या ब्लॅक आणि व्हाइट या आवृत्त्यांत पोलिटोडसारख्या साध्या प्राण्याला मैदानात उतरताच पाऊस पाडायची क्षमता मिळाली, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे दुसरं हवामान आणेपर्यंत तो पाऊस थांबत नसे. पावसात वेग दुप्पट होणारे प्राणी सोबत घेतले की समोरच्याला श्वास घ्यायला जागा उरत नसे. २०१३ च्या एक्स आणि वाय मध्ये क्षमतेने पाडलेल्या पावसाला पाच पाळ्यांची मुदत आली, ठरावीक दगड जवळ असेल तर आठ. त्याच आवृत्त्यांत आलेले जमिनीचे परिणामही पाच पाळ्यांचे, आणि ते जमिनीला टेकलेल्यांनाच लागू.

आमच्या खाडीला मात्र नुसती मुदत लावून भागत नाही. पाऊस कोणीतरी पाडलेला असतो, भरती कोणाची नसते. ती येणार हे दोघांनाही आधीपासून माहीत असतं आणि ती उतरतेही. जुन्या कार्डाने भरती घेतली आणि ओहोटी सोडून दिली. रानडुकराला सावरता आलं नाही आणि साळिंदराला उतरता आलं नाही, दोन्हीचं मूळ तिथेच आहे.

पोहणं आणि पाणी-गुण या दोन गोष्टी

आणखी एक चूक, जी हिशोबात दिसत नाही. रानडुक्कर पोहतं, चांगलंच पोहतं. कार्डाने मात्र ‘पाणी-गुण नाही म्हणजे पोहता येत नाही’ असं धरलं. गुण हा तक्त्यातला भारी-हलकेपणाचा हिशोब आहे. पोहणं, उडणं, बीळ करणं, झाडावर चढणं या अंगच्या कला आहेत. दोन्ही वेगळ्या रकान्यांत हव्यात. निवटी हे उलट उदाहरण: गुण पाण्याचा, पण ओहोटीला उघड्या चिखलावर उड्या मारत फिरणारा मासा. कातडी आणि तोंड ओलं असेपर्यंत तिला हवेत श्वास घेता येतो. जुन्या कार्डाने तिला चिखलावरही नेमात घट लावली होती, म्हणजे तिच्या घरातच तिला परकं केलं होतं.

खोलीचंही तसंच. ३ पायऱ्यांच्या चिखलावर ४ ची पातळी म्हणजे एक पायरी, २० सेंटिमीटर. ८० सेंटिमीटर उंचीच्या रानडुकराच्या गुडघ्यालाही ते जेमतेम लागेल. कार्डाने ते डोक्यावरून गेल्यासारखं मोजलं.

नवं कार्ड

भरती आधी घेऊ, कारण बाकीचं तिच्यावर उभं आहे. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या येतात, दोघींत साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर, म्हणजे चढायला सहा तास आणि उतरायला सहा तास धरायला हरकत नाही. पाणी या सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. दर्यावर्दी लोकांचा बाराव्या हिश्श्याचा ठोकताळा असा: एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला १, मग २, ३, ३, २ आणि शेवटी १. रिंगणात १२ पायऱ्या आहेतच. म्हणून एक फेरी म्हणजे भरतीचा एक तास असं धरून पातळी अशी जाते: ०, १, ३, ६, ९, ११, १२, आणि पुढे ११, ९, ६, ३, १, ०. झुंजीची फेरी तासभराची नसते हे उघड आहे, पण वेळ इतकी दाबल्याशिवाय रिंगणात भरती दिसणारच नाही.

या क्रमाचा खेळात मोठा उपयोग आहे. सुरुवातीच्या आणि शेवटच्या फेऱ्या संथ जातात, मधल्या दोन फेऱ्यांत पाणी धावतं. पूर्ण भरतीच्या आसपास तीन फेऱ्या पाणी जवळजवळ स्थिर राहतं. खेळाडूला योजना आखायला इतकं पुरतं.

सुरुवात कुठून करायची? एक फासा टाकून पातळीचा टप्पा आणि दुसऱ्याच्या सम-विषमावरून चढ की उतार, ही सोपी रीत. हौस असेल तर तिथीवरून: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चतुर्थीला संध्याकाळी पाचला सामना सुरू झाला तर भरती होऊन दोन तास झालेले, म्हणजे पातळी ९ आणि उतरती. हा ठोकताळा आहे, बंदराच्या तक्त्यातली वेळ नव्हे, खेळाला चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण म्हणून पूर्ण १२ पायऱ्या. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पातळी ३ ते ९ मध्येच, दर फेरीला एकेक पायरी. भांगाच्या दिवशी तिवरांच्या पट्टीत पायरीभरच पाणी येतं, त्यामुळे नवख्या खेळाडूंना भांगाचंच रिंगण द्यावं. दोन मीटरच्या वर चढ हा मालवणच्या बाजूच्या उधाणाला साजेसा आहे. मुंबईच्या खाडीवर कुणी रिंगण बेतणार असेल तर तिथे भरतीचा चढ बराच मोठा, मग पायरी २० ऐवजी ४० सेंटिमीटरची घ्यावी आणि प्राण्यांच्या उंच्या त्या हिशोबाने बदलाव्यात.

पंच येत्या दोन फेऱ्यांची पातळी आज्ञा मागवण्याच्या आधीच जाहीर करतो. आधी कोण, मागून कोण याचा पाण्याशी संबंध संपला. टेबलावर खेळत असतील तर पुठ्ठ्याची उभी पट्टी, तिच्यावर ० ते १२ खुणा आणि कपड्यांचा चिमटा. चिमटा सरकवला की पातळी सगळ्यांना दिसते.

खोलीचा नियम. पातळीतून घराची उंची वजा करायची, उत्तर प्राण्याच्या उंचीशी ताडायचं. शून्य किंवा कमी आलं तर घर नुसतं ओलं, परिणाम काही नाही; बरोबरीला बुडीत धरायचं नाही. उंचीच्या निम्म्यापर्यंत पाणी असेल तर एक पाऊल कमी. निम्म्याच्या वर असेल तर धडक, झेप असे पाय रोवून करायचे वार बंद, बाकीचे चालू. उंचीइतकं किंवा जास्त असेल तर पोहणारा निम्म्या पावलांनी पोहतो, न पोहणाऱ्याला शेजारच्या उंच घराकडे जावंच लागतं आणि जागा नसेल तरच दमातून ४ जातात. यांतला एकच नियम लागतो, लागू होणाऱ्यांपैकी सगळ्यात खोल पाण्याचा. नेम आणि मार यांना कोणत्याही खोलीत हात लावायचा नाही. पाण्याच्या प्राण्याला पाण्यात बक्षीस नाही. त्याची पूर्ण पावलं शाबूत राहतात आणि समोरच्याची घटतात, एवढंच त्याचं बक्षीस.

चिखल. हा आधी नुसता रंग होता, आता त्याला स्वतःचा नियम आहे. ओहोटीला उघडा पडलेला चिखल ४० किलोच्या वरच्या प्राण्याला एका आज्ञेत एकच घर चालू देतो आणि धडक देऊ देत नाही, कारण धडकेला सरळ रेषेत तीन कोरडी, घट्ट घरं लागतात. दोन फेऱ्या सलग एकाच घरात राहिलं की प्राणी रुततो, निघायला एक आज्ञा खर्च. निवटीला यातलं काही लागू नाही. कुर्लीला एक आज्ञा देऊन बिळात जाता येतं. बिळातल्या कुर्लीवर फक्त शेजारच्या घरातून वार होतो आणि तीही वार करू शकत नाही. म्हणजे ओहोटी जड प्राण्याला मानवते असं नाही, आणि भरती फक्त खाडीच्या प्राण्यांची असंही नाही.

तिवरं. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी उभी असतात. त्यातून धडक नाही. २ पायऱ्या किंवा कमी उंचीच्या प्राण्याला त्यांची आड मिळते, त्याच्यावर वार करणाऱ्याला ६ ऐवजी ७ लागतात. शक्यता ७२ वरून ५८ टक्क्यांवर येते. नेमाला हात लावलेली ही एकमेव जागा, आणि ती दोन्ही बाजूंच्या लहान प्राण्यांना सारखी लागू असल्याने ठेवली.

बांध. सगळ्यात जास्त डोकं इथे लावावं लागलं. बांध १४ वर आणि पाणी १२ वर, म्हणजे चढून बसलेल्याला कोणी हलवू शकत नाही. बांधाची उंची कमी करणं हा आळशी उपाय झाला असता. भरतीत बुडणारा खारबांध कोणी बांधत नाही. खरा उपाय खऱ्या बांधातच सापडतो. कुर्ल्यांची बिळं हा खारबांधांचा जुना शत्रू आहे. बिळातून पाणी झिरपतं, माती सुटते आणि उधाणाला खांड जाते, म्हणजे बांध फुटतो. म्हणून नियम असा: पातळी ११ किंवा १२ असताना बीळ करणाऱ्या प्राण्याने बांधाच्या एकाच घराला दोन आज्ञा दिल्या की तिथे खांड पडते, घराची उंची १४ वरून ८ होते. पाणी खाजणात शिरतं आणि आतली पातळी दर फेरीला ३ पायऱ्यांनी बाहेरच्या पातळीपर्यंत चढते. त्या दोन आज्ञांत कुर्लीला वार नाही, ती बांधाला चिकटलेली असते आणि वरचं साळिंदर तिला गाठू शकतं. पट्टीवर पातळी दिसत असल्याने साळिंदराच्या खेळाडूला ही वेळ आधीच कळते. ओहोटीला खाजणातलं पाणी खांडीतून किंवा उघाडीतून (बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेतून) बाहेर जातं. उघाडीचं झडपेचं दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं, तेव्हा तिच्यासाठी वेगळी आज्ञा लागत नाही.

बेरजेचा नियम गेला. आता ज्याला वार करणं शक्य होतं आणि त्याने केला नाही, त्याच्या मैदानातल्या प्राण्याचा दम तिसऱ्या सलग निष्क्रिय फेरीपासून दर फेरीला ५ ने घटतो. ज्याला शक्यच नव्हतं त्याला दंड नाही.

त्याच फाशांवर पुन्हा

नोंदीतले फासे नव्या कार्डावर लावू. पहिली फेरी, पातळी ०, चिखल उघडा. रानडुकराला धडक बंद, म्हणून सुळे: ८ चे १२, वजा ५, मार ७. फासे ७ आणि ४, एक लागला, कुर्ली ३८. कुर्लीचा एक लागला, रानडुक्कर ४४. दुसरी फेरी, पातळी १, चिखलाला पाणी नाही, आज्ञा दोन्ही शाबूत. फासे ९, आणि जुन्या तिसऱ्या फेरीतला ७ इथे घेतला. दोन्ही लागले, कुर्ली २४. कुर्लीचे ६ आणि ५, आता एकच लागला, रानडुक्कर ३८.

दोन फेऱ्यांनंतर जुन्या कार्डावर कुर्ली १९, रानडुक्कर २० होतं. नव्यावर २४ आणि ३८. तक्त्यातला रानाचा वरचष्मा दिसतो, पण धडक गेल्याने तो पातळ झाला आहे: चिखलात सुळ्यांची सरासरी फेरीला १०.१, कुर्लीची ८.७. पुढे निवड कुर्लीच्या खेळाडूची आहे. तिसऱ्या फेरीला पाणी चिखलाला टेकेल, चौथ्याला तीन पायऱ्या चढेल. बिळात जाऊन दोन फेऱ्या काढायच्या, प्रवाहात मागे सरायचं, की उदाला आत आणायचं? रानडुकराच्या खेळाडूलाही बसून चालत नाही, कारण तिथेच राहिला तर रुततो आणि चौथ्या फेरीनंतर तिवरांपर्यंतची वाट पोहून कापावी लागते.

अजून सुटलेलं नाही ते

माडगरुड. बंदी काढून ‘एका पायरीपेक्षा खोल असलेल्यावर हवेतून वार नाही’ असा नियम केला, आणि दर दुसऱ्या फेरीला त्याला झाडावर किंवा बांधावर टेकावं लागतं. तरीही पूर्ण ओहोटीला निवटी समोर आली तर ती फार काळ टिकत नाही: चिखल उघडा, पाणी दूर, आणि आड फक्त तिवरांत. निवटीला बिळाची कला द्यावी असा एक विचार आहे. निवट्या चिखलात बिळं करतातच. पण मग कुर्लीच्या बिळाचं वेगळेपण उरत नाही, म्हणून तूर्त दिलेली नाही.

दुसरी अडचण लहान सामन्यांची. एकास एक सामना चार-पाच फेऱ्यांत संपतो, म्हणजे भरतीचा जेमतेम एक तुकडा वाट्याला येतो आणि सुरुवातीचा टप्पाच अर्धा निकाल लावतो. अशा सामन्यात फासा टाकू नये. एका खेळाडूने टप्पा आणि चढ-उतार ठरवायचा, पण त्याने आपला प्राणी आधी उघड करायचा. दुसऱ्याने दोन्ही पाहून आपला निवडायचा. उधाणाच्या रिंगणात ९ ते १२ या चढत्या टप्प्यावरून सुरुवात एकास एक सामन्याला मुळीच देऊ नये. त्यात सामना संपेपर्यंत चिखल उघडा पडतच नाही आणि कार्डाचा निम्मा भाग वापरलाच जात नाही.